पोटात गोळा येऊ द्या

भाद्रपदात ठाण्याहून एका वाचक भगिनीचे पत्र आले. चांगले चार पानी, शाईने लिहिलेले. हल्ली अशी पत्रे येतात कुठे, म्हणून मी ते दोनदा वाचले. त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. अभ्यासात हुशार, चित्रे सुरेख काढतो, बुद्धिबळात वडिलांना हरवतो. पण संध्याकाळी अंगणात मुले जमली, की हा भिंतीला टेकून उभा! बाकीची मुले जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून धडाधड उड्या टाकतात; हा कठडा धरून एकेक पायरी उतरतो. शाळेच्या सहलीत घोटाभर पाण्याचा ओढा ओलांडायचा होता. याला दगडावर पाय टाकवेना. रडू आले, मुले हसली, शेवटी शिपायाने उचलून पलीकडे नेले. तेव्हापासून सहलीचे नाव काढले, की याच्या पोटात दुखते. बाई विचारतात, "त्याचा आत्मविश्वास वाढावा म्हणून व्यक्तिमत्त्वविकासाच्या वर्गाला घालावे म्हणतो. वर्ग वातानुकूलित आहे. फी जरा जास्त आहे. आपले मत काय?"

मत विचारलेच आहे, तर सांगते. फी भरू नका.

त्या वर्गात वाईट काही शिकवतात असे मला म्हणायचे नाही. मुलगा आरशासमोर उभा राहून 'मी हे करू शकतो' असे म्हणायला शिकेल, चार लोकांपुढे भाषणही करील. पण ओढ्यातला दगड पाय ठेवल्यावर डुगडुगतो की नाही, हे त्याला तिथे कोण सांगणार? 'मला जमेल' हे वाक्य मुलाला स्वतःला खरे वाटायला त्याच्यापाशी काही पुरावा लागतो, आणि तो त्याच्याच हातापायांनी गोळा केलेला असावा लागतो. या मुलापाशी तो नाही, एवढेच. तो भित्रा आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. आपली उडी किती लांब जाते, हे मोजायलाच त्याला नऊ वर्षांत मिळालेले नाही.

का मिळाले नाही, ते कोणत्याही सोसायटीच्या अंगणात संध्याकाळी अर्धा तास बसले, की ऐकू येते. "अरे, पडशील!" "अगं, सांभाळ!" "हळू!" "आधी खाली उतर!" एकेका खिडकीतून हाका चाललेल्या असतात. या हाकांत माया आहे, हे मी जाणते. पण विचार करून पाहा, 'सांभाळ' या शब्दात माहिती किती असते? काय सांभाळायचे? फांदी कच्ची आहे, की पाय ओला आहे, की खाली दगड आहे? मुलाला त्यातून एकच कळते, की आई घाबरली आहे, त्या अर्थी इथे घाबरण्यासारखे काहीतरी असणार. मग त्याचे लक्ष फांदीवरून उडून आईच्या चेहऱ्याकडे जाते. झाडावर असताना लक्ष फांदीवर नसणे, याहून पडण्याचा सोपा मार्ग मला तरी ठाऊक नाही.

आजच्या मुलांना सूरपारंब्या समजावून द्यायच्या तर चित्र काढावे लागते. वडाखाली एक रिंगण आखायचे. एकाने तंगडीखालून काठी लांब भिरकावायची. ज्याच्यावर राज्य असेल त्याने धावत जाऊन ती आणायची आणि रिंगणात ठेवायची; तेवढ्या वेळात बाकीचे भराभर झाडावर. मग राज्य असलेल्याने वर चढून कोणाला तरी शिवायचे, आणि वरच्यांनी त्याला चुकवून, पारंबीला लोंबकळत किंवा फांदीवरून उडी टाकून, खाली येऊन काठीला हात लावायचा. एवढाच खेळ. पण त्यात काय काय आले ते पाहा! फांदीचा जोर हाताने अजमावायचा, उडीपूर्वी उंचीचा आणि खालच्या जमिनीचा अंदाज घ्यायचा, ही पारंबी एकाला पेलते पण दोघांना नाही हे ध्यानात ठेवायचे. आणि हे सगळे मागून कोणीतरी शिवायला येत असताना. किती वर जायचे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे. कोणी शेंड्याकडे जाई, कोणी पहिल्याच बेचक्यात बसून राही. त्याबद्दल कोणी कोणाला नावे ठेवीत नसे.

आणि ज्याला काहीच जमत नसे, त्याच्यासाठी पोरांच्या राज्यघटनेत एक खास कलम होते: लिंबूटिंबू. लिंबूटिंबूने सर्वांबरोबर धावायचे, सर्वांबरोबर ओरडायचे, पण बाद व्हायचे नाही आणि राज्यही घ्यायचे नाही. चार-पाच वर्षांच्या पोराला मोठ्यांच्या खेळाचे असे फुकट तिकीट मिळे. वर्षभर तो मोठ्यांचे पाहून कुठे धरायचे, कुठे पाय द्यायचा ते शिके, आणि एके दिवशी आपणच जाहीर करी, "मी आता लिंबूटिंबू नाही!" हा दिवस शाळेच्या दाखल्यावर लिहिला जात नसे, पण माझ्या मते त्याची योग्यता मुंजीइतकी होती. बालमानसशास्त्राचे एक पान न वाचलेल्या पोरांनी काढलेली ही युक्ती! हल्ली खेळांच्या वर्गांत सहा ते आठ वर्षांची तुकडी निराळी, आठ ते दहाची निराळी. लहानाला पाहायला मोठा नाही, आणि मोठ्याला सांभाळायला लहान नाही.

मी पोहायला शिकले ती १९६४ च्या मे महिन्यात, वाईजवळच्या आमच्या आजोळी. विहीर दगडी बांधणीची, आत उतरायला पायऱ्या. गावातली काही माणसे पोराच्या पाठीला डबा बांधून त्याला वरून सरळ ढकलून देत. 'नाकातोंडात पाणी गेले, की येते आपोआप' हे त्यांचे शास्त्र. काही पोरे त्याने शिकली, आणि काही जन्माची पाण्याला भ्याली. माझ्या मामाची रीत निराळी होती. आम्हाला सोडण्याआधी तो स्वतः उतरून बुडी मारी. आत काटेरी फांदी पडली आहे का, कुठला दगड सुटला आहे का, ते पाही. शेवाळलेल्या पायऱ्या काथ्याने घासून काढी. मग आमच्या पाठीला पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा, कमरेला दोर, आणि दोराचे टोक आपल्या हातात ठेवून पायरीवर बसे. "ज्या पायरीवरून वाटेल, तिथून उडी मार," एवढेच सांगे. आजीला मुलीच्या जातीने विहिरीत उड्या मारणे पसंत नव्हते. मामा म्हणाला, "आई, पाय घसरला तर मुलगी म्हणून विहीर तिला वर फेकणार आहे का?" आजी पुटपुटत आत गेली.

पाण्यालगतच्या पायरीपासून मी सुरुवात केली. रोज एक पायरी वर. पाचव्या पायरीवर अडले. पाच दिवस तिच्यावर उभी राही, खाली पाही, पोटात गोळा येई, आणि मुकाट एक पायरी खाली येऊन तिथून उडी मारी. मामाने एकदाही 'भित्री' म्हटले नाही, की 'घाबरू नकोस' असेही म्हटले नाही. तंबाखू मळत बसे. सहाव्या दिवशी उडी कशी पडली ते आठवत नाही. पाण्याखाली कानांत घुमलेला आवाज आठवतो, आणि वर येताच मी "पुन्हा!" म्हणाले ते आठवते.

मामाने कामाची वाटणी केली होती. जे संकट मुलाला दिसत नाही, म्हणजे आतली फांदी, सुटलेला दगड, ते दूर करणे हे मोठ्या माणसाचे काम. जे ढळढळीत दिसते, म्हणजे पायरीची उंची, ते मोजणे हे मुलाचे काम. आज आपण बरोबर उलटे करतो: दिसणाऱ्या उंचीवरून मुलाला हाका मारतो, आणि न दिसणाऱ्या गोष्टींकडे आपलेही लक्ष नसते. याचा एक मासला पुढे देणारच आहे.

या सदराच्या काही वाचकांना शास्त्राच्या आधारावाचून चैन पडत नाही. तेव्हा तोही देते. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांची तपासणी तिथले संशोधक लहानपणापासून करीत आले आहेत. पाच ते नऊ या वयात ज्यांना पडून मोठी दुखापत झाली, त्यांना पुढे उंचीची भीती वाटत असेल, असाच अंदाज तुम्ही-आम्ही करू. १९९८ साली त्यांनी निष्कर्ष छापला तो उलटा होता. अठराव्या वर्षी उंचीला भिणाऱ्यांत अशी पडलेली मुले इतरांहून कमी निघाली. हाड मोडले की भीती जाते, असा अर्थ कृपा करून कोणी काढू नये! धीट मुले अधिक चढतात, चढता चढता पडतात, आणि चढण्याच्या सरावाने उंचीला सरावतात, असा त्याचा उलगडा करता येतो.

नॉर्वेच्या एलन सँडसेटर यांनी मुले आपण होऊन कोणते धाडसाचे खेळ खेळतात ते पाहून २००७ साली त्यांचे सहा प्रकार पाडले: उंचीचे, वेगाचे, धारदार हत्यारांचे, पाण्या-विस्तवाजवळचे, झोंबाझोंबीचे, आणि मोठ्यांच्या नजरेआड हिंडण्याचे. वाचून मला हसूच आले. वड, झोका, कोयता, विहीर, कुस्ती आणि आमराई. आमच्या आजोळची मे महिन्याची सुट्टी या बाईंनी कुठे पाहिली? त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर २०११ साली मांडलेला विचार मात्र गंभीर आहे. पोटात येणारा गोळा हीच या खेळांची गोडी असते. मूल आपल्या हिमतीप्रमाणे भीती थोडीथोडी चाखते आणि तिला आवरायला शिकते. ती चाखूच दिली नाही, तर वयाबरोबर जाणारी भीती तशीच राहून जाण्याचा संभव असतो.

डेन्मार्कमध्ये सोरेन्सन नावाचे एक उद्यानरचनाकार होते. त्यांनी मुलांसाठी नीटनेटकी क्रीडांगणे आखली. पुढे त्यांच्या ध्यानात आले, की मुले ती सोडून इमारतींच्या बांधकामावरच्या फळ्या-विटांत रमतात! त्यांच्या कल्पनेवरून १९४३ साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनच्या एम्ड्रुप वस्तीत एक मैदान उघडले. घसरगुंडी नाही, झोपाळा नाही. फळ्या, विटा, माती, हत्यारे, आणि लक्ष ठेवायला एक जाणता माणूस. मुलांनी खणावे, बांधावे, मोडावे. १९४६ साली इंग्लंडच्या लेडी ॲलन यांनी ते पाहिले आणि लंडनमध्ये बाँबने उद्ध्वस्त झालेल्या जागांवर अशी मैदाने व्हावीत म्हणून चळवळ केली. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्याच्या रूपाने ही कल्पना घरोघरच्या अंगणांत पूर्वीपासून नांदत होती. तिला कोणी कल्पना म्हटले नाही, इतकेच.

मुलींविषयी दोन शब्द निराळे लिहिले पाहिजेत. मुलगा पडला तर "ऊठ, काही नाही झालं," आणि मुलगी पडली तर "कोणी सांगितलं होतं चढायला?" हे मी याच महिन्यात, एकाच घरी, एकाच आईच्या तोंडून ऐकले. आणि ती आई स्वतः अभियंता आहे! हा प्रकार आपल्याकडेच आहे असेही नाही. कॅनडात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहान मुलांना एका खांबावरून घसरत खाली यायला आईबापांनी शिकवायचे होते. मुलाला 'तूच करून बघ' असा आग्रह, आणि मुलीला हाताचा आधार व धोक्याच्या सूचना अधिक, असे त्यात दिसले. पुढे हीच मुलगी चारचौघांत पुढे होत नाही, म्हणून तिला आपण त्याच वातानुकूलित वर्गाला घालायचे!

आता विरोधी बाजू. एक वडील मला म्हणाले, "आजी, तुमच्या वेळी रस्त्यावर मोटारी नव्हत्या." खरे आहे, आणि त्याला माझ्याकडे खोडून काढणारे उत्तर नाही. इंग्लंडात १९७१ साली सात-आठ वर्षांची शंभरांतली ऐंशी मुले एकटी शाळेत जात. १९९० साली नऊच जात होती. जिथे गाड्यांची रहदारी आहे तिथे मुलाच्या अंदाजावर काही सोपवू नये. पावसाळ्यातला धबधबा, फुगलेला ओढा, नायलॉनचा मांजा, विजेची तार, यांच्याशीही खेळ नाही. कारण यांचा अंदाज मुलाला येतच नाही. फटाक्याचेही तेच. वात किती वेळात जळेल हे त्यालाच काय, तुम्हालाही सांगता येणार नाही. तिथे मोठ्याने शेजारी उभेच राहावे. कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ साली धाडसाच्या खेळाला पाठिंबा दिला, तो हाच भेद स्पष्ट करून. मुलाला ओळखता येईल असा धोका निराळा, आणि ओळखता न येणारा घात निराळा.

मघाशी म्हटलेला मासला आता सांगते. आमच्या सोसायटीच्या अंगणात एक जुना आंबा आहे. मध्यंतरी सात वर्षांची एक मुलगी त्याच्या खालच्या फांदीवरून पडली आणि तिचे कोपर खरचटले. रविवारी सभा भरली. खालच्या फांद्या छाटून टाकाव्यात, म्हणजे मुलांचा पायच पोचणार नाही, अशी सूचना आली. तासभर वाद झाला. मी सांगितले, की फांद्या छाटायला महापालिकेची परवानगी काढावी लागेल, आणि शिवाय तो आंबा आहे, शेवगा नाही. शेवग्याची फांदी कडकन मोडते, आंब्याची सहजासहजी मोडत नाही. एवढ्यात पहिल्या मजल्यावरचा बारा वर्षांचा मुलगा, ज्याला कोणी बोलावलेही नव्हते, म्हणाला, "पण काका, टाकीचं झाकण फुटलंय त्याचं काय?" झाडापासून दहा पावलांवर जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचे झाकण गणपतीच्या आधीपासून फुटलेले होते, आणि त्यावर कोणीतरी पत्रा ठेवला होता. मुलांना ते ठाऊक होते. ती तिकडे फिरकतही नव्हती आणि लहानग्यांना फिरकू देत नव्हती. सभेतल्या बावीस मोठ्या माणसांपैकी एकालाही पत्ता नव्हता.

झाकण दुसऱ्या दिवशी बदलले. फांद्या राहिल्या. झाडाखालच्या फरश्या काढून तिथे जाडसर वाळू टाकली आहे. दोन आया अजून मुलींना झाडावर पाठवीत नाहीत, आणि त्यांच्यावर मी रागावलेली नाही. पडलेली मुलगी मात्र चौथ्या दिवशी पुन्हा वर होती.

ठाण्याच्या भगिनींना मी सविस्तर उत्तर धाडले आहे. त्यातले इतरांना उपयोगी पडेल तेवढे इथे देते. मुलाला एकदम झाडावर चढवू नका. मुळात कोणत्याही मुलाला त्याच्या आपल्या बळाने पोचता येत नाही अशा जागी उचलून ठेवूच नये. जो आपण चढतो त्याला बहुधा उतरता येते, ठेवलेल्याला येत नाही. आधी गुडघ्याएवढ्या कट्ट्यावरून चालू द्या, अनवाणी. त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आणि दोन वर्षांनी लहान अशी मुले जमवा. लहानांना शिकवताना त्याची भीड आपोआप चेपेल. दिवाळीनंतर, पाणी घोट्याच्या खाली आले, की त्याला तशाच एखाद्या ओढ्यावर न्या. कोणाला दाखवायला म्हणून नव्हे, दिवसभर दगड फेकत बसायला. ओलांडायचे नाव काढू नका. अडला तर "घाबरू नको" म्हणण्याऐवजी "आता पाय कुठे ठेवणार?" असे विचारा, हा प्रश्न त्याचे डोळे दगडाकडे वळवतो. आणि तुम्ही जरा लांब, विणकाम घेऊन बसा. विणकाम येत नसेल तर शेंगा सोला. भ्रमणध्वनी नको, त्यावरून छायाचित्र काढण्याचा मोह होतो, आणि मुलाचे लक्ष पुन्हा आईच्या चेहऱ्याकडे!

खरचटेल, तेव्हा साबण-पाण्याने स्वच्छ धुवावे. जखम खोल किंवा मातीने भरलेली असेल तर धनुर्वाताच्या लशीविषयी डॉक्टरांना विचारावे. डोके आपटून मूल बेशुद्ध पडले, वरचेवर ओकू लागले, गुंगीत जाऊ लागले किंवा डोकेदुखी वाढत गेली, तर घरगुती उपाय करीत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

आणि किल्ला. बाजारात तयार किल्ले मिळतात, प्लॅस्टरचे, रंगवलेले, बुरुजांसकट. ते घेऊ नका. विटा, दगड आणि माती मुलांनीच वाहून आणावी; खुरपे खरे द्यावे, खेळण्यातले नको. बुरूज ढासळला तर ढासळू द्यावा. शिवाजीमहाराजांचे सिंहासन कुठे मांडायचे यावरून भांडण होईल, त्यात वडिलांनी पडू नये; वडिलांना हौस असेल तर पाठीमागे दुसरा किल्ला करावा. अळीव चार दिवस आधी पेरावे लागते. गोणपाट मात्र आतापासूनच शोधायला हवे, कारण हल्ली धान्य प्लॅस्टिकच्या पोत्यांतून येते. आमच्या वाण्यापाशी दोन उरली होती. एक मी सांगून ठेवले आहे, दुसरे पहिल्या मजल्यावरचा तो मुलगा घेऊन गेला.